स्कॅनर म्हणतो पेट्रोल कमी, सायलेन्सर म्हणतो जास्त

जानेवारीतली गोष्ट. नाशिकच्या अंबडला माझ्या गॅरेजवर सकाळी साडेनऊला एक गाडी येऊन उभी राहिली. तीन सिलिंडर, एक लिटर, टर्बो पेट्रोल, थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल मारणारं इंजिन, बीएस-६, ३८ हजार किलोमीटर फिरलेली. कंपनीचं नाव घेत नाही, कारण कंपनीचा यात काही दोष नाही. गाडी पिंपळगाव बसवंतकडच्या एका द्राक्षबागायतदाराच्या मुलाची. पोरगा पंचविशीच्या आत-बाहेरचा. गाडी बंद न करताच खाली उतरला आणि म्हणाला, "काका, बंद करून चालू केली की शहाण्यासारखी वागते, मग तुम्ही म्हणाल काहीच नाही. आधी ऐका."

ऐकलं. स्लोवर, म्हणजे रेस न देता, इंजिन थरथरत होतं, फेऱ्यांचा काटा सातशे-नऊशेच्या मध्ये झोके घेत होता आणि मधूनच एखादा ठोका गळत होता. त्यावर मागून येणारा तो भरदार, घशातला आवाज. बंपरखाली चार इंची टोक, निळी-जांभळी झाक मारलेलं. काय झालंय ते विचारायच्या आधी काय लावलंय ते विचारलं.

दिवाळीनंतर त्याने सगळी लाइन बदलली होती. टर्बोला चिकटून असतो तो कॅट (धुरातले विषारी वायू साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) काढून त्या जागी सरळ मोकळी डाउनपाइप, म्हणजे टर्बोतून वायू खाली नेणारी पाइप, मधला पाइप मोठ्या व्यासाचा, मागे फ्री-फ्लो सायलेन्सर, आणि वर ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, नवीन फाइल, म्हणजे नवा प्रोग्रॅम. गाडी बदलणारी मंडळी याला स्टेज टू म्हणतात. पहिले तीन आठवडे पोरगा हवेत होता. मग सकाळी स्लोला थरथर सुरू झाली, ॲव्हरेज पंधरावरून दहा-साडेदहावर आलं आणि एकदा वाशीहून परतताना कसारा घाटात, ट्रकच्या रांगेला ओव्हरटेक करताना गाडीने मान टाकली. चेक लाइट लागला, पिकअप गेला, काटा तीन हजारांच्या वर जाईना. बाजूला घेऊन बंद-चालू केली तर पुन्हा ठणठणीत. घाट चढून इगतपुरीला आली आणि घोटीच्या पुढे पुन्हा तेच.

माझ्याकडे येईपर्यंत त्याने काय काय करून घेतलं होतं, ते महत्त्वाचं. एका ठिकाणी स्कॅनर लावून कोड निघाला पी ०१७१, म्हणजे मिश्रण पातळ, पेट्रोल कमी पडतंय. म्हणून इंजेक्टर साफ झाले. मग तीन नवे प्लग. मग एक कॉइल. मग दुसऱ्या पंपावरचं महागडं पेट्रोल. आणि ज्याने पाइप लावली होती त्याने तीन वेळा फाइल 'अपडेट' केली. प्रत्येक वेळी दोन दिवस गाडी बरी चालली आणि तिसऱ्या दिवशी पहिले पाढे पंचावन्न. हे दोन दिवस मी वहीत वेगळे लिहून ठेवले. फाइल चुकीची असती तर ती पहिल्या मिनिटापासून चुकीची असायला हवी होती. दोन दिवस बरी आणि मग बिघडते, याचा अर्थ गाडी काहीतरी चुकीचं शिकतेय.

समोरच्या टपरीवर तोवर निदान होऊन गेलं होतं. अर्ध्या लोकांचं म्हणणं, ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलने घात केला. हल्ली नाशकात गाडीला काहीही झालं तरी ई-२० वर बिल फाडायची पद्धत आहे. उरलेल्यांचं म्हणणं, "बॅक प्रेशर गेलं, इंजिनला बॅक प्रेशर लागतंच." बॅक प्रेशर म्हणजे बाहेर पडणाऱ्या वायूला लाइनमध्ये होणारा अडथळा. दोन्हींकडे पुढे येतो.

पहिला दिवस माझ्या चुकीचा

स्कॅनर लावला. कोड दोन होते, पी ०१७१ आणि पी ०२३४. दुसरा बूस्ट, म्हणजे टर्बोने इंजिनात ढकललेल्या हवेचा दाब, ठरल्यापेक्षा जास्त झाल्याचा. आधीच्या ठिकाणी तो पुसून टाकला असावा. कॅट नसल्याचा कोड मात्र नव्हता. तो असायलाच हवा होता. ऑक्सिजन सेन्सर दोन असतात: पुढचा कॅटच्या आधी, मिश्रण चाखायला; मागचा कॅटनंतर, कॅटवर नजर ठेवायला. पण फाइलमध्ये मागच्या सेन्सरचा कान बंद केलेला होता. गाडीला कॅट नाही हे गाडीला माहीतच नव्हतं म्हणा ना.

कोडपेक्षा मी फ्युएल ट्रिम आधी बघतो. ईसीयू हिशेबाने जितकं पेट्रोल मारायचं ठरवतो त्यात सेन्सरचं ऐकून किती टक्के वाढवलं किंवा घटवलं, तो हा आकडा. निरोगी गाडीत तो शून्याच्या अलीकडे-पलीकडे पाचच्या आत खेळतो. इथे स्लोवर दीर्घ मुदतीचा ट्रिम अधिक २१. रेस देऊन २५०० वर धरला तर हळूहळू अधिक ६.

ई-२० चा प्रश्न इथेच निकालात निघाला. इथेनॉल वाढलं की त्याच हवेला पेट्रोल थोडं जास्त लागतं हे खरं. ई-१० वरून ई-२० वर गेल्यावर ट्रिम चार-पाच टक्के सरकू शकतो. पण तो सगळीकडे सारखा सरकेल. टाकीतलं पेट्रोल स्लोवर एक आणि रेसला दुसरं असं होत नाही.

स्लोवर जास्त आणि रेसला कमी ट्रिम म्हटलं की आम्हा लोकांच्या हाताला सवयीने इनटेकची गळती लागते. कुठेतरी मॅनिफोल्डला, होजला भोक आहे, मोजमापाबाहेरची हवा आत येतेय. मीही तेच धरून बसलो. इनटेकमध्ये धूर सोडला, दुपारभर टॉर्च घेऊन एकेक सांधा पाहिला. एक धागाही धूर कुठून येईना. चावी ऑन, इंजिन बंद ठेवून मॅप सेन्सर (इनटेकमधल्या हवेचा दाब मोजणारा) पाहिला: ९४ केपीए. नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास, तेव्हा इथे ९४-९५ च यायला हवेत. म्हणजे सेन्सर खरं बोलतो. पेट्रोलच्या रेलचं प्रेशर मागितलं तेवढं मिळतंय. संध्याकाळ झाली, हातात भोपळा.

यात माझी चूक कुठे झाली ते सांगतो. सकाळी पहिल्याच मिनिटाला मी सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवलं होतं. बोट काळं झालं, तव्याखालच्या काजळीसारखं मऊ काळं. थेट इंजेक्शनच्या टर्बो गाड्यांचं तोंड थोडं काळं असतंच, म्हणून मी हात पुसून पुढे गेलो. पण प्लग काढले तेव्हा तेही तिन्ही कोरडे काळेकुट्ट. आणि तेलाची पट्टी काढली तर पातळी वरच्या खुणेच्या अर्धं बोट वर, वास घेतला तर पेट्रोलचा. तेल कमी होणारी गाडी समजू शकते, तेल वाढणारी गाडी म्हणजे काय?

इनटेकला खरीच गळती असती तर ईसीयूने वाढवलेलं पेट्रोल त्या जास्तीच्या हवेला बरोबर पुरलं असतं आणि जळून गेलं असतं. प्लग काळे झाले नसते. इथे स्कॅनर ओरडतोय पेट्रोल कमी, आणि प्लग, तेल, सायलेन्सर तिघेही सांगतायत पेट्रोल जास्त. तीन साक्षीदार एका बाजूला असताना मी चौथ्याचं ऐकून दुपार घालवली, कारण चौथ्याच्या हातात आकडा होता.

दुसरा दिवस

सकाळी गाडी शेजारच्या पीयूसीवाल्याच्या मशीनवर नेली. प्रमाणपत्रासाठी नाही, आकड्यांसाठी. स्लोवर कार्बन मोनॉक्साइड ३.८ टक्के. बीएस-६ पेट्रोल गाडीला मर्यादा ०.३ आहे. पण त्याच वेळी ऑक्सिजन ३.१ टक्के. आणि लॅम्डा, म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण, ज्यात १ म्हणजे नेमकं? १.०१. अगदी सभ्य, नजरेत भरणार नाही असा.

हे वाचायला जरा थांबावं लागतं. कार्बन मोनॉक्साइड एवढा म्हणजे आत पेट्रोल जास्त, हवा कमी. ऑक्सिजन एवढा म्हणजे हवा उरलीय. हवा उरली असती तर तो वायू जळून गेला असता. दोघे एकाच सिलिंडरमध्ये नांदणारच नाहीत. म्हणजे ऑक्सिजन सिलिंडरमधून आलेलाच नाही, तो वाटेत कुठेतरी मिसळलाय. आणि ज्या ठिकाणी मिसळलाय ते ठिकाण पुढच्या सेन्सरच्या आधीचं आहे, कारण त्याचं ऐकूनच ट्रिम वाढलाय.

घरातल्या भाषेत सांगायचं तर आमटीचं मीठ बघायला पळीभर आमटी घेतली, पण पळीत आधीच घोटभर पाणी साचलेलं. चव अळणीच लागणार. चाखणारा पळीवर संशय घेत नाही, पातेल्यात मीठ टाकतो. पुन्हा त्याच ओल्या पळीने चाखतो, पुन्हा टाकतो. पळीत चव जमेपर्यंत पातेलं खारट झालेलं असतं. ईसीयू हेच करत होता, आणि मनापासून करत होता. मशीनवरचा १.०१ म्हणजे पळीतली जमलेली चव.

फाइल बदलल्यावरचे दोन बरे दिवसही इथेच सुटतात. नवी फाइल टाकली की ईसीयूचं शिकलेलं सगळं पुसलं जातं, ट्रिम शून्यावर येतो. मग तो पुन्हा चाखायला लागतो आणि दोन दिवसांत पुन्हा अधिक वीसवर जाऊन बसतो. फाइलमध्ये काही सुधारलं नव्हतं, फक्त विस्मरण झालं होतं. बॅटरीची वायर काढून लावली असती तरी कदाचित तेवढंच फुकटात झालं असतं.

खात्रीसाठी ट्रिम पुसला आणि पुढच्या ऑक्सिजन सेन्सरचं कनेक्टर काढून गाडी चालू केली. आता चाखायचं साधनच नाही, ईसीयू आपल्या मूळ हिशेबाने पेट्रोल मारणार. चेक लाइट लागला, तो लागणारच. पण दहा सेकंदांत इंजिन शिवणयंत्रासारखं बसलं. पोरगा माझ्या शेजारी उभा होता, त्याने माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "म्हणजे सेन्सर खराब?" नाही. सेन्सर त्याला जे भेटलं तेच सांगत होता. निदान तेव्हा मला तसं वाटलं.

या सेन्सरबद्दल जाता जाता. गाडीवरचा लॅम्डा सेन्सर, म्हणजे हाच ऑक्सिजन सेन्सर, बॉशने १९७६ साली पहिल्यांदा उत्पादनात आणला, व्होल्व्होच्या गाड्यांवर. त्याच बॉशच्या सातपूरच्या कारखान्याला नाशिककर अजून मायको म्हणतात. कंपनीचं नाव २००८ मध्ये बदललं, मायको सर्कलचं बॉश सर्कल काही झालं नाही. आमच्या पिढीतल्या निम्म्या मिस्त्रींचे कोणी ना कोणी मायकोत होते, आणि तरी आम्ही हा सेन्सर संशयित म्हणूनच बघतो. साक्षीदार म्हणून बघत नाही.

गळती शोधायला महाग काही लागलं नाही. गाडी रात्रभर थंड ठेवली. मागच्या टोकात कापडाचा बोळा करून व्हॅक्यूम क्लीनरची फुंकणारी बाजू बसवली, हलका दाब दिला आणि पंक्चरवाला ट्यूब बुडवतो त्या हिशेबाने साबणाचं पाणी स्प्रेने मारत सुटलो. मागचे सांधे कोरडे. मधला फ्लँज (दोन पाइप जोडणारी रुंद कड) कोरडा. टर्बो आणि डाउनपाइपच्या जोडावर, जिथे गोल पट्टीचा क्लॅम्प असतो, तिथे खालच्या अंगाला फेस उकळल्यासारखा वर आला.

आता कोणी विचारेल, एक्झॉस्टमध्ये तर दाब असतो, मग गळतीतून वायू बाहेर पडेल, हवा आत कशी येईल? टर्बोच्या आधी गळती असती तर तसंच झालं असतं. टर्बोनंतर गोष्ट वेगळी. वायू नळाच्या धारेसारखा सलग वाहत नाही, ठोक्या-ठोक्याने येतो. तीन सिलिंडरचं इंजिन ८०० आरपीएमला सेकंदाला वीसच ठोके देतं. एक ठोका गेला की त्याच्या पाठोपाठ क्षणभर ओढ पडते, दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो आणि फटीतून हवा आत खेचली जाते. रेस वाढली की ठोके जवळ जवळ येतात, वायू वाढतो, ओढ भरून निघते आणि आत आलेली हवा त्या लोंढ्यात नगण्य होते. म्हणून स्लोवर २१ आणि २५०० ला ६.

क्लॅम्पच्या आत काय होतं

क्लॅम्प सोडून डाउनपाइप खाली घेतली तेव्हा मी पोराला जवळ बोलावलं. हे त्याने बघायलाच हवं होतं.

टर्बोच्या बाजूचा फ्लँज कंपनीचा, मशीन केलेला, सपाट. डाउनपाइपच्या बाजूचा वेल्डिंगच्या उष्णतेने ओढला गेलेला, गोलाचा अंडाकृती झालेला. सपाट पट्टी ठेवून फीलर गेज घातलं तर जवळपास एक-तृतीयांश घेरावर ०.३५ मिलिमीटरची पात सुळकन आत जात होती. मधलं धातूचं गॅसकेट नव्हतंच. त्याच्या जागी लाल सिलिकॉनचा पट्टा, जो जळून खरवडलेल्या खरपुडीसारखा झाला होता. नखाने दाबला की भुगा. या जागी पूर्ण लोडला पाइप लालभडक व्हायला वेळ लागत नाही. टर्बोत शिरणारा वायू नऊशे अंशांच्या घरात जातो, बाहेर पडताना जरा निवतो एवढंच. लाल सिलिकॉन तेलाच्या पॅनला लावायचं असतं, तीनशे अंशांच्या आसपास ते हात टेकतं. फ्लँजच्या खालच्या बाजूला काजळीचा एक फराटा उमटला होता, दिव्याची वात वाकडी लागल्यावर चिमणीवर उमटतो तसा.

मग सेन्सर काढला. इथे मला माझं आदल्या दिवशीचं वाक्य मागे घ्यावं लागलं. टोकाच्या जाळीवर काजळी तर होतीच, पण काजळीखाली पांढुरकी, पिठूळ साय. सिलिकॉन जळताना त्याची वाफ सेन्सरच्या टोकावर बसते आणि वाळूसारखा थर धरते; सेन्सर मंद होत जातो. म्हणजे साक्षीदाराला आधी खोटं दाखवलं आणि मग त्याचे डोळेही अधू केले. सिलिकॉनच्या ट्यूबवर सेन्सरला चालतं की नाही हे छापलेलं असतं. वाचतो कोण.

आणखी एक. टर्बोवरची उष्णतेची ढाल डाउनपाइपला बसत नाही म्हणून काढून डिकीत टाकलेली होती, स्टेपनीच्या बाजूला, वर्तमानपत्रात गुंडाळून. वेस्टगेटच्या (जादा वायू टर्बोला वगळून सोडून देणाऱ्या झडपेच्या) मोटरकडे जाणाऱ्या वायरचं आवरण त्यामुळे एका जागी मऊ होऊन चमकत होतं. अजून महिनाभर चालली असती तर तिसरा कोड आला असता.

दोन आजार, एक पेशंट

इथे थांबून सगळं मूळ सामान लावलं असतं तर गाडी बरी झाली असती, पण कसारा घाटात मान कशामुळे टाकली ते कळलं नसतं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा माझा हट्ट. अंबड एमआयडीसीत लेथवाल्यांना तोटा नाही. फ्लँज लेथवर तोंड मारून सपाट करून आणला, धातूचं नवं गॅसकेट घातलं, नवा क्लॅम्प, नवा सेन्सर, तेल बदललं आणि ट्रिम पुसून गाडी विल्होळीच्या पुढे महामार्गावर काढली. निघालेलं तेल मापून पाहिलं: भरायचं साडेतीन लिटर, निघालं जवळपास चार. ते अर्धा लिटर पेट्रोल इंजिनच्या तेलात मुरलेलं. टर्बोची दांडी मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेते, ती या तेलाच्या पापुद्र्यावर तरंगते. पापुद्रा किती पातळ झाला होता याचा विचार मी गाडी चालवताना केला नाही, नंतर केला.

ट्रिम अधिक ३ वर आला. स्लो गुळगुळीत. मग लॅपटॉप जोडून चौथ्या गिअरला पूर्ण पाय दाबला. ३१०० आरपीएमला ईसीयूने मागितला १९५ केपीए, मिळाला २२३. दोन सेकंदांत लाइट लागला आणि गाडीने मान टाकली. कसाऱ्यातलाच आजार, शेजारी बसून पाहिला.

हा फाइलचा आणि पाइपचा. आता टपरीवरच्या बॅक प्रेशरवाल्यांना उत्तर. टर्बो इंजिनला टर्बोच्या मागे अडथळा लागत नाही. उलट मागे जितकी मोकळीक तितका टर्बाइनच्या दोन बाजूंमधला दाबाचा फरक जास्त, तितकं चाक लवकर आणि जोरात फिरतं. अडचण नेमकी तीच झाली. वेस्टगेट किती उघडायचा याचे आकडे मूळ गाडीत कॅटचा अडथळा धरून बसवलेले असतात. मोकळ्या पाइपला तेच आकडे ठेवले तर वेस्टगेट उशिरा उघडतो, बूस्ट ठरल्यापेक्षा वर जातो आणि ईसीयू इंजिन वाचवायला पिकअप काढून घेतो. फाइल या गाडीवर चालवून, मोजून बनवलेली नव्हती. दुसऱ्या गाडीची उचलून टाकलेली होती, हे तिच्या आतल्या खुणांवरून दिसत होतं. शहरात हा आजार दिसला नाही, कारण कॉलेज रोडला पूर्ण पाय दाबायला जागा असते कुठे? घाट, चढ, ओव्हरटेक, तिथेच तो बाहेर येणार.

पोराचा जीव भांड्यात पडला. म्हणाला, "मग गळती गेली, आता फक्त फाइल नीट मोजून करून घेतली की झालं ना, काका?" खरं सांगायचं तर यंत्र म्हणून बघितलं तर हो. चांगला माणूस डायनोवर (गाडी जागेवरच पळवून ताकद मोजायच्या यंत्रावर) गाडी ठेवून ती फाइल बसवू शकतो. पण मी गाडी पुन्हा पीयूसीच्या मशीनवर नेली. गळती नाही, ट्रिम जागेवर, सेन्सर नवा, आणि तरी कार्बन मोनॉक्साइड ०.६. मर्यादेच्या दुप्पट. इंजिन कितीही शहाणं केलं तरी शेवटचं काम कॅटच्या आतल्या प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचं असतं, ते मोकळा पाइप करू शकत नाही.

कायद्याचंही सांगून टाकलं. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या रचनेत असा बदल चालत नाही. कलम १९०(२) प्रमाणे आवाज आणि धुराच्या गुन्ह्याला पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, वर तीन महिने लायसन्स बाजूला. शिवाय अपघात झाला तर विमा कंपनीच्या माणसाला बोलायला विषयच मिळाला. पोरगा गप्प होता. त्याने वडिलांना फोन लावला.

नाना (गावात सगळे त्यांना नानाच म्हणतात) दुसऱ्या दिवशी पिकअपमधून आले. मागे रिकामे क्रेट आणि त्यातल्या एका क्रेटमध्ये, पोत्याखाली, मूळ कॅट. फिटिंगवाल्याने जुना कॅट ठेवून घ्यायची तयारी दाखवली होती, वर मजुरीत सूट देऊ म्हणाला होता. नानांनी तो देऊ दिला नाही. "लोखंड म्हणून घेणारा माणूस सूट कशाला देईल?" हा त्यांचा हिशेब. प्लॅटिनमचं त्यांना काही माहीत नव्हतं. आम्ही कॅट हातात घेतला, आतल्या जाळीकडे टॉर्च मारला आणि तोंडाशीच मातीचा गोळा दिसला. पॅकहाउसमध्ये दोन महिने पडून होता तेवढ्यात कुंभारीण माशीने आत घर बांधलं होतं. दाभणाने हळूहळू फोडून, उलटा करून, कमी दाबाच्या हवेने झटकला. जाळी शाबूत होती.

नाना म्हणाले, "आवाजासाठी केलं हे सगळं?" पोरगा म्हणाला, "पिकअपसाठी." नाना म्हणाले, "पिकअप माझ्याकडे आहे, मागे क्रेट बसतात."

नंतर

कॅट, ढाल, मूळ मधला पाइप, मूळ सायलेन्सर, कंपनीची मूळ फाइल. वायरचं मऊ झालेलं आवरण बदललं, उष्णता सोसणारी स्लीव्ह चढवली. प्लग काळे पण धडके होते. साफ करून पुन्हा घातले, कारण ते महिन्यापूर्वीच नवे घेतलेले आणि पोराचा आधीच भरपूर खर्च झाला होता. कॉइल नवी होती ती राहू दिली, जुनीत काही बिघाड नव्हता, ती त्याच्या हातात दिली. मशीनवर कार्बन मोनॉक्साइड ०.०२, ऑक्सिजन ०.१. विल्होळीच्या त्याच चढावर १८५ मागितला, १८७ मिळाला. ट्रिम दोन आठवड्यांनी फोनवर विचारला, पोराने स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर घेतलाय, त्यावर उणे दीड. ॲव्हरेज पुन्हा चौदा-पंधरा.

काढलेली डाउनपाइप त्याने विकायला लावली होती. मी त्याला फ्लँजवर खडूने लिहून दिलं होतं, लेथवर तोंड मारलंय, धातूचं गॅसकेट लागेल, सिलिकॉन नाही. खडू पहिल्या पावसात जाईल हे मलाही कळतं.

एक गोष्ट मिटलेली नाही. निघायच्या आधी मी तिन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन घेतलं होतं: १२.४, १२.३ आणि ११.१ बार. तिसऱ्याचं कमी. कॅमेरा आत सोडून पाहिला तर भिंतीवरच्या तिरक्या घासलेल्या रेघा एका बाजूने पुसट वाटल्या. दोन महिने पेट्रोलने भिंत धुतली गेली, तेल टिकलं नाही, रिंग कोरडी घासली, असं होऊ शकतं. किंवा रिंगवर फक्त काजळी बसली असेल आणि नीट चाललेल्या दोन-तीन हजार किलोमीटरमध्ये ती सुटेल. तेल पाच हजारांऐवजी अडीच हजारालाच बदलायला सांगितलंय आणि दर आठवड्याला पट्टी काढून वास घ्यायला. मार्चअखेर बाग रिकामी झाली की तो गाडी आणणार आहे. तोवर तिसऱ्या सिलिंडरपुढे वहीत जागा कोरी ठेवलीय.